बाजेचा डोंगा

बिल्कीस,

तुला पाण्याची भीती वाटते हे इतक्या वर्षांत तू एकदाही बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी तुला जानरावच्या तळ्याकडे फिरकू दिलं नसतं. पण स्वतःचं दुखणं तू कसलं बोलतेस. पायाला फोड आला तरी "चप्पल नवी आहे ताई" एवढंच सांगणारी बाई तू. म्हणून आता मीच सांगते, पहिल्यापासून, कारण हे वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस. आणि मधे बोलू नकोस. तुला ती सवय होती.

अमरावतीच्या आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तू मदतनीस म्हणून लागलीस तेव्हा मी तिथे रसायनांच्या टेबलावर होते, एम.एस्सी. झालेली आणि त्याचा बराच तोरा असलेली. तू अकोल्याची. दहावी उर्दूतून. एम्प्लॉयमेंटचा कॉल आला आणि घरात कोणी नाही म्हटलं नाही म्हणून नोकरी धरली, असं तूच सांगायचीस. सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायचीस आणि तिथून ऑटोनं ऑफिसात. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं फोडायची, चाळून माझ्या टेबलावर ठेवायची, हे तुझं काम. पहिल्याच आठवड्यात तू चिमूटभर माती जिभेवर ठेवलीस आणि म्हणालीस, खारी आहे. मी यंत्र लावलं. खारी निघाली. मी जरा ओशाळलेच. मग लक्षात आलं की तू येईल त्या मातीला खारीच म्हणतेस. भातकुलीकडची पिशवी असली की तुझं बरोबर यायचं, कारण तिकडचा सगळा पट्टाच खाऱ्या पाण्याचा. चांदूर रेल्वेची आली की साफ चूक. तरी चाखणं काही सोडलं नाहीस. "कधी तरी गोडी निघन ना," म्हणायचीस.

गाडीत तू रिकामी बसायची नाहीस. मांडीवर कापड घेऊन गाद्यांच्या खोळी शिवायचीस. कारण घरी रहीमभाई होते.

अब्दुल रहीम, धंद्यानं पिंजारी. तरुणपणी खांद्यावर धुनकी घेऊन गल्लोगल्ली फिरले. धुनकी म्हणजे ते मोठं धनुष्यासारखं अवजार. त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, रुईत धरून वाजवली की दबलेली रुई फुलून येते. पुढे त्यांनी अकोल्यात दुकान टाकलं, पिंजायचं मशीन घेतलं. माणूस बोलायला कमी, पण रुईचा विषय निघाला की थांबत नसे. माझी गादी भरायला ते एकदा अमरावतीला आले होते आणि दिवसभरात मला दोन गोष्टी ऐकवून गेले. पहिली, रुई कोंडायची नाही. तिला हवा लागते. प्लास्टिकमध्ये घातली की ती मेली. दुसरी, कापूस बुडत नाही. लहानपणी अकोल्याच्या मोर्णा नदीला पूर आला तेव्हा कुठल्याशा जिनिंगच्या आवारातून कापसाचे बोजे वाहत आले, त्यातल्या एकाला बिलगून हे पोर पुलापर्यंत तरंगत गेलं आणि लोकांनी वर ओढून काढलं. ही गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. तू शिवत बसलेली असायचीस आणि पूर कमरेपर्यंत होता का डोक्यावरून, एवढंच दुरुस्त करायचीस.

मग फोम आला. लोकांना पातळ, घडी होणारं, ऑनलाइन येणारं अंथरूण पाहिजे झालं. तुमच्या पोरानं, अफनाननं, दुकानात फोमच्या गाद्या लावल्या, मशीन विकलं. त्याचं काय चुकलं? पोटाचा धंदा आहे. रहीमभाईंच्या छातीत तोवर रुईची धूळ बसली होती. दोन पावलं चालले की खोकला. डॉक्टरांनी रुईजवळही जायचं नाही म्हणून बजावलं होतं. आणि शेवटच्या हिवाळ्यात या माणसानं भिंतीवरची धुनकी काढली. तुझी पाठ दुखते म्हणून तुमच्या पलंगावरची गादी उसवली, तोंडाला तुझी ओढणी बांधली आणि अंगणात बसून सगळी रुई हातानं पिंजली. तू त्यांच्यावर ओरडलीस, शेजारी गोळा होईस्तोवर ओरडलीस. ते म्हणाले, आता ही दोन पिढ्या जाते, पाह्यजो. खोळ तू शिवलीस, रुई त्यांनी भरली. पुढच्या रमजानला ते नव्हते.

त्या गादीवर तू दोन वर्षं झोपलीस. मग माहेनूरला दिवस गेले. तुझी लेक, चांदूर रेल्वेला दिलेली, लग्नाला बरीच वर्षं झालेली, डॉक्टर करून थकलेली. तू मला फोन केलास आणि आधी नुसतीच रडलीस, मी घाबरून दोनदा विचारलं की कोण गेलं. मग म्हणालीस, दुलई करायची आहे. बाळाची दुलई, त्या गादीतल्या रुईची. नाना, म्हणजे आजोबा, नाही तर नानाच्या हाताची रुई तरी अंगावर पाहिजे. ताजनापेठेत हातानं पिंजणारे एक बाबा अजून होते, रहीमभाईंच्या जोडीला शिकलेले. त्यांना तू सांगूनही ठेवलंस. दिवाळीनंतर गादी उसवायची ठरलं. एवढंच तुला पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

आणि दिवाळीनंतरच जानरावनं ते जेवण ठेवलं.

जानराव आपल्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर भातकुलीजवळच्या आपल्या वावरात राहायला गेला. विहिरीचं पाणी खारं, म्हणून पावसाचं पाणी साठवायला त्यानं शेततळं खोदलं, आत जाड काळं प्लास्टिक अंथरलं, आणि त्याला त्या तळ्याचा एवढा अभिमान की येणाऱ्याला आधी तळं दाखवायचा, मग चहा. दर वर्षी जुन्या-नव्या स्टाफला रोडगे खायला बोलवायचा. या वर्षी ऑफिसातल्या अश्विननं ग्रुपवर टाकलं की नुसतं खाऊन झोपण्यापेक्षा होड्यांची शर्यत लावू. कुठे तरी मोबाईलवर पाहिलं असेल त्यानं. होडी स्वतः बनवायची, विकत काही आणायचं नाही, दोघांनी बसायचं, तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जायचं आणि परत यायचं. पगारवाले विरुद्ध पेन्शनवाले. पगारवाल्यांकडून अश्विन आणि पायल. पेन्शनवाल्यांकडून कोणी पुढे येईना. एकाला गुडघा, एकाला साखर, एकाला बायको. मी लिहिलं, मी बसते. मिनिटभरात तू लिहिलंस, मी पण.

मला वाटलं, बरं झालं, बाई घरातून निघाली.

आपल्या भागात कोणाच्या बापानं होडी पाहिली आहे? पुरात डोंगा लागतो तेवढंच आपल्याला माहीत. पगारवाल्यांनी थर्माकोलच्या पेट्या जोडून वर कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणला. भाऊ हात जोडून आकाशाकडे पाहत होते आणि पायल त्यांच्या तोंडावर बसणार होती. आपला डोंगा जानरावनं सुचवला. पेन्शनवाल्यांना बाजच पाहिजे म्हणाला, कटाळा आला का झोपून घ्यायचं. त्याच्याकडची सुंभाची जुनी बाज घेतली आणि खाली पिण्याच्या पाण्याचे रिकामे कॅन बांधले. खाऱ्या पट्ट्यात घरोघरी विकतचं पाणी, तेव्हा कॅनला तोटा नव्हता. बांबूला फळ्या ठोकून दोन वल्ही केली. आदल्या आठवड्यात जानराव आणि त्याची बायको तानुबाई दोघं तिच्यावर बसून पाहून आले. मजेत तरंगली. फक्त सुंभ बोचतं, तानुबाई म्हणाली.

तू म्हणालीस, मी गादी आणते.

मी विचारलं, कोणती? तू म्हणालीस, आहे एक.

मला तेव्हाच कळलं. मी तुला फोनवर चांगलं समजावलं. बाई, झाडावरून काढलेल्या कच्च्या कापसाला अंगचं मेण असतं, म्हणून तो पाणी घेत नाही. रहीमभाई धरून आले तो कच्चा कापूस होता. ही गादीतली रुई, वर्षानुवर्षं अंगाखाली मळलेली, घामानं, उन्हानं, पिंजून पिंजून तिचं मेण कधीच गेलं. ती पाणी पिणार. तू शांतपणे ऐकून घेतलंस. मग म्हणालीस की त्याची रुई आहे, एकदा सगळ्यांसमोर तरंगू द्या, मग उसवायचीच आहे. मी म्हटलं, मग निदान तळ्याचं उरलेलं प्लास्टिक आहे जानरावकडे, त्यात घट्ट गुंडाळ, बाहेरून दोरी मार. तू हो म्हणालीस. मी आणखी दोनदा विचारलं. तू दोनदा हो म्हणालीस.

त्या दिवशी आम्ही बाजेपाशी गेलो तेव्हा गादी आधीच अंथरलेली होती. खालून काळं प्लास्टिक दिसत होतं, वर तुझी फुलांची चादर नीट खोचलेली. मी समजले, गुंडाळली आहे. चादरीखाली काय आहे ते कोण पाहतं? तू प्लास्टिक फक्त खाली घातलं होतंस, ओल लागू नये म्हणून. वरून गादी मोकळी. पिंजाऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई रुई प्लास्टिकमध्ये कशी कोंडणार? तुझा हातच धजला नसणार. हे मी तुला नंतर विचारलंही नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात.

जानराव पंच. त्यानं दोघींच्या कमरेला ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूब घातल्या, कारण त्या तळ्याचं प्लास्टिक इतकं निसरडं की आत पडलेला माणूस काठ चढू शकत नाही. म्हणून चारी बाजूंनी दोर बांधून ठेवलेले असतात. आपण दोघी ट्यूब घालून बाजेवर बसलो तेव्हा काठावरचे लोक हसून हसून खाली बसले. अश्विन म्हणाला, मॅडम, तुम्ही होडीत आहात का होडी तुमच्यात? मी त्याला सांगितलं की तुझ्या सर्व्हिस बुकात हे जाणार. पायल म्हणाली, लिहायला आता तुमचा पेन चालतो कुठं? पोरगी तिखट आहे. मला आवडली.

तू हसत नव्हतीस. मी म्हटलं, काहून, भेव लागून राहिलं का? तू मान हलवलीस. दोन्ही हातांनी गादीचा काठ धरला होतास, वल्हं मांडीवर आडवं.

जानरावनं थाळी वाजवली आणि निघालो. सुरुवात काय छान झाली बिल्कीस. पगारवाल्यांची होडी जागच्या जागी गोल फिरत होती. अश्विन उजवीकडून मारतो तर पायलही उजवीकडूनच, आणि दोघं एकमेकांना दोष देत. आपण सरळ चाललो होतो. मी मारते, तू मारतेस, मी मारते, तू मारतेस. मधेच तू काहीतरी पुटपुटलीस, मला वाटलं दुआ. नीट ऐकलं तर तू म्हणत होतीस, पाहा, पाहा. मला नव्हतीस म्हणत. रहीमभाईंना म्हणत होतीस. आपण पलीकडच्या काठाला हात लावला तेव्हा ते दोघं मध्यावरही नव्हते. काठावर पेन्शनवाल्यांनी एकच ओरडा केला. तू पहिल्यांदा हसलीस. दात दिसेस्तोवर हसलीस.

वळताना बाज कलली. फार नाही, थोडीशी. तेवढ्यात एका कडेनं पाणी आत आलं, आणि प्लास्टिक खालून होतं ना, त्यानं ते पाणी धरून ठेवलं. परातीत धरावं तसं. मला बसल्या जागी गार लागलं. मी चादरीवर हात दाबला. हात आत गेला आणि पाणी वर आलं.

मी तुझ्याकडे पाहिलं. तुला ते माझ्या आधी कळलं होतं.

मग रुईनं पाणी प्यायला सुरुवात केली. गादी म्हणजे किती रुई असते ते आपल्याला माहीत आहे. ती किती पाणी पिते ते त्या दिवशी कळलं. बाज मधे वाकली, कॅन दिसेनासे झाले, पाणी आपल्या मांड्यांवर आलं. वल्हं मारून काही उपयोग नव्हता. काठावरून जानराव ओरडला, "मॅडम, गादी फेका! गादी ढकला पाण्यात, डोंगा वर येते!" बरोबर होतं त्याचं. गादी सोडली असती तर कॅननी आपल्याला उचललं असतं, शर्यतही जिंकलो असतो. पगारवाले अजून भांडतच होते. मी एका बाजूनं गादी धरली आणि म्हटलं, उचल तिकडून.

तू वल्हं पाण्यात टाकून दिलंस आणि गादीवर पालथी पडलीस. दोन्ही हात पसरून, गाल चादरीला लावून. लोकांना वाटलं तू घसरलीस, ते हसले. मला दिसत होतं की तू घसरली नाहीस. तुझी बोटं पांढरी पडली होती. तू म्हणालीस, "ताई, तुमी उतरा. याले मी नाही सोडत."

मी उतरले. काय करणार होते? माझं वजन कमी झालं तर ती राहील एवढं गणित मला येत होतं. ट्यूबमध्ये तरंगत मी एका हातानं बाजेचा पाय धरला. बाज पाण्याखाली वीतभर जाऊन थांबली, पुढे बुडाली नाही, आणि तू तिच्यावर पडलेली, पाणी तुझ्या हनुवटीला लागत होतं. डोळे घट्ट मिटलेले. तेव्हा मला कळलं की तुला पाण्याची भीती आहे. नुसती भीती नव्हे, तू थरथरत होतीस, बाजेचा पाय माझ्या हातात थरथरत होता.

काठावरचं हसणं थांबलं. जानरावनं दोर फेकला, अश्विननं फ्लेक्सवरून सरळ पाण्यात उडी टाकली आणि दोर बाजेला बांधला. ओढून काठाला आणलं. तुला वर घ्यायचं म्हटलं तर तू म्हणालीस, आधी गादी. चौघांनी मिळून ओढली तेव्हा ती निघाली. तिच्यातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, परत त्याच तळ्यात.

तानुबाईनं तुला आपलं लुगडं नेसवलं. नऊवारीत तुला पाहून बायकांना हसू आवरेना आणि तूही तोंडदेखलं हसलीस. सगळे रोडग्यांकडे गेले. तू गादीपाशी बसून राहिलीस, मी तुझ्यापाशी. तू म्हणालीस, "खोटं बोलला तो मले. इतके वर्ष."

मी म्हटलं, खोटं नाही बोलला. पुन्हा ते मेणाचं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं सोपं करून. नवा कापूस खरंच तरंगतो. ते पुरातून आले ते खरं आहे. ही रुई जुनी झाली, एवढंच.

तू ऐकलंस. गादीच्या कोपऱ्यातून पाणी पिळत म्हणालीस, "म्हंजे म्हातारी झाली का बुडते."

मी दुसरा कोपरा पिळायला घेतला. 

गादी अकोल्याला न्यायला तू तयार नव्हतीस. अफनान पाहील, फेकून देईल. म्हणून जानरावनं ती ट्रॉलीत घालून अमरावतीला माझ्या घरी आणली आणि आम्ही गच्चीवर टाकली. जाताना तू बजावलंस: रोज पालटायची, काठीनं झोडायची नाही, रुई तुटते. आणि खोळ उघडायची नाही. आत गोळे झाले असतील, ते एकेक हातानं मोकळे करायचे असतात, ते घरच्या बाईचं काम, पिंजाऱ्याकडे गोळे घेऊन जायचं नसतं. टाके माझे आहेत, मीच उसवीन, असं म्हणालीस.

त्या महिन्यात ऊनही धड पडलं नाही. ढग येत होते, एकदा तर अवकाळी झोड आली आणि मी एकटी ते जड धूड ओढत जिन्यात घेऊन आले. शेजारच्यांनी विचारलं, मॅडम, नवी का नाही घेत? मी गादी भिंतीला टेकवून ठेवली. पहिले काही दिवस तिला शेवाळाचा वास येत होता. रोज पालटत होते. हळूहळू हलकी झाली. तू रोज फोन करून विचारायचीस, जणू घरात कोणी आजारी आहे: आज कशी आहे? मी सांगायचे, वरून कोरडी, पोटात ओल आहे. तू म्हणायचीस, पोटातली ओल उशिरा जाते. माहेनूरला आठवा लागला होता. ताजनापेठेतल्या बाबांनी धुनकीची तात नवी लावून ठेवली होती, तेही तू सांगितलंस. पुरतं वाळल्याशिवाय आणायची नाही, आणि माझी खात्री झाल्याशिवाय मी आणणार नव्हते.

शेवटी मी तिच्या मधोमध हात दाबून धरला आणि हाताला कोरडं लागलं. तुला फोन केला. तुला एकदम घाई झाली. उद्याच. सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला येते, तुमी गादी घेऊन फलाटावर उभ्या राहा, दोघी मिळून अकोल्याला नेऊ, सरळ बाबांच्या दारात. तिथेच बसून उसवते. जुन्या दिवसांसारखं. मी म्हटलं, गादी घेऊन गाडीत? तू म्हणालीस, गर्दी असन तर त्याच्यावर बसून जाऊ.

मी गादी गुंडाळून दोरीनं बांधली, ऑटोवाल्याशी दोनदा भांडले आणि वेळेच्या आधी फलाटावर होते. पॅसेंजर आली. लोक उतरले. बायकांच्या डब्यापाशी मी पाहत उभी राहिले, कारण तू नेहमी शेवटी उतरायचीस, पिशव्या सांभाळत. गाडी गेली. मला आधी रागच आला. एवढी घाई करून गाडी चुकवली, म्हटलं. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग माहेनूरचा फोन आला.

तू तयार झाली होतीस म्हणे. नवा सुई-दोरा, ब्लेड, सगळं पिशवीत घातलं होतं. चप्पल घालायला खाली बसलीस आणि उठली नाहीस.

मी त्या गादीवर बसले. फलाटावर, सगळ्यांच्या येण्याजाण्यात. किती वेळ, कोण जाणे. एक हमाल येऊन विचारून गेला, बाई, कोणत्या गाडीला? मग मी गादी त्याच ऑटोवाल्याबरोबर घरी पाठवली. या वेळी त्यानं ती स्वतः उचलली. आणि मी अकोल्याची गाडी धरली.

तुझ्या घरात रुईची एक वस्तू नव्हती त्या दिवशी. अफनान दारात उभा होता, तुझ्यासारखाच, डोळे पुसायचेही विसरलेला. मला मावशी मानणारा तो म्हणाला, खाला, अम्मी तुमच्याकडेच निघाली होती. रागानं नाही म्हणाला. मग दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्याला कोणाकडून तरी गादीचं कळलं असेल, त्याचा फोन आला: खाला, ती भिजलेली गादी टाकून द्या, रोग होतील, पाहिजे तर मी तुम्हांला चांगली फोमची पाठवतो. पोरगं मनानं चांगलं आहे. मी म्हटलं, पाहते.

माहेनूरला मुलगी झाली. मी चांदूर रेल्वेला जाऊन आले. नाक तुझं आहे, बसकं. बाळ अस्वलांची चित्रं असलेल्या विकतच्या पांघरुणात होतं. माहेनूरनं मला चहा दिला, बाळाला मांडीवर दिलं, तुझं नाव एकदाही काढलं नाही. निघताना दारात मात्र विचारलं, नानाची रुई वाळली का खाला? मी वाळली म्हटलं.  मी चपला घालून निघाले.

गादी मी गच्चीवरून खाली आणली. आतल्या खोलीत पलंगावर आहे. हात फिरवला की गोळे लागतात, मुठीएवढे, तळ्यात झालेले. ते मोकळे केल्याशिवाय बाबा पिंजणार नाहीत. मोकळे करायचे तर खोळ उसवावी लागते. नवं ब्लेड मी आणून ठेवलं आहे. दुपारी चष्मा लावून बसले होते. तुझे टाके बारीक आहेत, गाडीत घातलेले असल्यासारखे मधेच वाकडे गेलेले, आणि कोपऱ्यावर तू दुहेरी दोरा घेतला आहेस. मी कोपऱ्यावर ब्लेड ठेवलं, आणि उचललं.

बाबांनी परवा कोणाच्या तरी फोनवरून निरोप दिला. आपांनी, म्हणजे तू, सांगितलं होतं मी स्वतः घेऊन येते, म्हणून त्यांनी दुसरं काम अजून घेतलेलं नाही. कधी येता, असं विचारलं आहे. मी येते म्हणून कळवलं आहे. अजून गेले नाही.